कापड, कागद आणि रेझिन: मुठीतली भेग अडते कुठे?

जुन्या जीन्सचे तुकडे इपॉक्सी रेझिनमध्ये (हार्डनर नावाचे दुसरे द्रव मिसळल्यावर कडक होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवायचे, एकावर एक रचून शिकंज्यात दाबायचे आणि तयार झालेली टणक पाटी करवतीने कापून, कानशीने घासून तिच्यातून सुरीची किंवा पिस्तुलाची मूठ घडवायची, हा उद्योग अमेरिकेतील हौशी कारागिरांमध्ये चांगलाच रुजला आहे. कोल्टच्या ‘एम १९११’ पिस्तुलाच्या मुठीवर दोन्ही बाजूंना स्क्रूने बसणाऱ्या पट्ट्या अशा घरगुती पाटीतून सहज निघतात. कापडाऐवजी साधा कागद वापरला तरी तशीच पाटी होते. हे पाहणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी असते की बळ सगळे रेझिनचे, कापड आणि कागद केवळ रंगरूपासाठी. या समजुतीमुळेच अनेक जण रेझिन सढळ हाताने ओततात आणि दाब कमी देतात. वास्तव जवळजवळ याच्या उलट आहे आणि ते का, हे समजून घेण्यासारखे आहे.

ही कल्पना मुळात विद्युत अभियांत्रिकीतून आली. रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांपासून बेकलाइट हे कडक प्लास्टिक, म्हणजेच फिनॉलिक रेझिन, तयार केले. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीने अशा रेझिनमध्ये कागद आणि कापड भिजवून ‘मायकार्टा’ हा विद्युतरोधक पदार्थ बनवायला सुरुवात केली. तोवर असे काम अभ्रकावर चाले आणि अभ्रकाचा मोठा पुरवठा भारतातून होत असे. आपल्याकडे स्विचबोर्डात दिसणारी तपकिरी हायलम शीट आणि स्वयंपाकघरातील कपाटांवरचा सनमायका हे याच घराण्यातले पदार्थ आहेत; सनमायकाच्या रंगीत थराखाली फिनॉलिक रेझिन मुरवलेले क्राफ्ट कागदाचे थर असतात. कारखान्यातील फिनॉलिक रेझिन कडक होताना पाणी बाहेर टाकते. त्या वाफेचे बुडबुडे आत राहू नयेत म्हणून सुमारे १५० अंश सेल्सिअस तापमान आणि प्रचंड दाब देणारे प्रेस लागतात. इपॉक्सी कडक होताना असे काहीही बाहेर पडत नाही, म्हणूनच साध्या शिकंज्यावर घरी हे काम जमते.

आता मूळ मुद्दा. कडक झालेले इपॉक्सी ताणले असता साधारण ५० ते ८० मेगापास्कल (ताण मोजण्याचे एकक) ताणाला तुटते, तर कापसाचा तंतू ३०० ते ६०० मेगापास्कलपर्यंत टिकतो. म्हणजे ज्याला आपण चिंधी म्हणतो, तिचा प्रत्येक तंतू रेझिनपेक्षा कितीतरी बलवान असतो. परंतु एवढ्याने उत्तर पूर्ण होत नाही, कारण ठिसूळ पदार्थ सहसा आपल्या सरासरी ताकदीमुळे तुटत नाहीत. ते एखाद्या बारीक भेगेमुळे तुटतात. केंब्रिजचे सी. ई. इंग्लिस यांनी १९१३ मध्ये दाखवले की भेगेच्या टोकाशी ताण कित्येक पटींनी वाढतो. त्यांचे सूत्र सोपे आहे: भेगेच्या लांबीला तिच्या टोकाच्या त्रिज्येने भागा, त्याचे वर्गमूळ काढा, त्याची दुप्पट करा आणि त्यात १ मिळवा. पृष्ठभागावर १ मिलिमीटर खोल भेग असेल आणि तिच्या टोकाची त्रिज्या १ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, असेल, तर भागाकार १००० येतो, त्याचे वर्गमूळ सुमारे ३१.६ आणि अंतिम उत्तर सुमारे ६४. मुठीवर आलेला साधा ताण त्या एका टोकावर ६४ पट होतो. ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२० च्या सुमारास काचेवर प्रयोग करून या विचाराला ऊर्जेच्या हिशेबाची जोड दिली: भेग वाढल्याने सुटणारी ताणऊर्जा (ताणलेल्या पदार्थात साठलेली ऊर्जा) नवा पृष्ठभाग तयार करण्यास पुरेशी ठरली की भेग आपोआप धावत सुटते.

मग ती थांबवायची कशी? याचे सुंदर उत्तर जे. कुक आणि जे. ई. गॉर्डन यांनी १९६४ मध्ये मांडले. भेगेच्या टोकाशी भेग रुंदावू पाहणारा मुख्य ताण असतो, हे आपण पाहिले. पण टोकाच्या किंचित पुढे आणखी एक ताण असतो आणि तो भेग ज्या दिशेने निघाली आहे त्याच दिशेने पदार्थाला ओढतो. त्याचे कमाल मूल्य मुख्य ताणाच्या सुमारे एक पंचमांश भरते. भेगेच्या वाटेत आडवा सांधा आला, म्हणजे तंतू आणि रेझिन यांची सीमा आली, तर हा दुसरा ताण त्या सांध्याला उघडू पाहतो. सांध्याची पकड मूळ पदार्थाच्या ताकदीच्या एक पंचमांशाहून कमी असेल, तर भेग तिथे पोहोचण्यापूर्वीच सांधा उघडतो. धावत आलेली भेग त्या पोकळीत शिरते, तिचे अणकुचीदार टोक एकदम बोथट होते आणि इंग्लिसच्या सूत्रातली ती त्रिज्या वाढल्यामुळे ६४ पटींचा ताण काही पटींवर उतरतो. पुढे जायचे तर भेगेला वळावे लागते, तंतू सोलावे लागतात, ते खेचून बाहेर काढावे लागतात आणि या प्रत्येक कामात ऊर्जा खर्ची पडते. थोडक्यात, सगळे सांधे पूर्ण पक्के असते तर ही मूठ काचेसारखी तुटली असती. तिचे बळ मोजक्या कच्च्या सांध्यांमध्ये आहे. पुरावा हवा असेल तर नुसत्या रेझिनचा तुकडा आणि जीन्सच्या पाटीचा तुकडा व्हाइसमध्ये धरून मोडून पाहावा, मात्र डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. रेझिनच्या तुटलेल्या कडा गुळगुळीत, चकचकीत आणि धारदार निघतात. जीन्सची पाटी आधी पांढुरकी पडते, करकरते आणि मग तिच्या तुटलेल्या कडेतून निळ्या-पांढऱ्या धाग्यांची झालर बाहेर येते.

यावरून दाब का महत्त्वाचा हे स्पष्ट होते. शिकंजा आवळताना बाहेर वाहून जाणारे रेझिन वाया जात नाही. त्यामुळे थरांमधील नुसत्या रेझिनचा ठिसूळ पट्टा बारीक होतो, अडकलेली हवा निघून जाते आणि तंतूंचे प्रमाण वाढते. साधा ८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो, तेव्हा ६ मिलिमीटरच्या पट्टीसाठी साठ-एक कागद लागतात. प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी नीट भिजला पाहिजे. प्लास्टिकचा पापुद्रा चढवलेली चकचकीत मुखपृष्ठे येथे निरुपयोगी आहेत, कारण त्यांच्यात रेझिन मुरतच नाही. आपल्याकडे, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. सुती कापड दमट हवेतून आपल्या वजनाच्या आठ-नऊ टक्के पाणी सहज धरून ठेवते आणि अमाइन प्रकारच्या हार्डनरची हवेतील ओलावा व कार्बन डायऑक्साइड यांच्याशी अभिक्रिया होऊन पृष्ठभागावर चिकट, मेणचट थर येतो. कापडातील पाणी घालवण्यासाठी त्यावर आधी गरम इस्त्री फिरवून घेणे हा सोपा उपाय आहे.

रेझिनचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. याच इपॉक्सीत धातूचा कीस आणि स्फटिकाचे तुकडे ओतून केलेले ‘ऑर्गोनाइट’ पिरॅमिड वास्तुदोषावर आणि मोबाइलच्या लहरींवर उपाय म्हणून विकले जातात. रेझिन आकसताना स्फटिकावर दाब येतो आणि त्यातून सतत ऊर्जा निघते, असे त्यांचे समर्थन केले जाते. स्फटिक दाबल्यावर विद्युतभार निर्माण होतो हे खरे, पण दाब बदलला तरच. एकदा बसलेला स्थिर दाब कसलीही ऊर्जा पुरवत राहत नाही. लोकांच्या भीतीवर चालणारा हा व्यापार आहे आणि त्यावर पैसे घालवू नयेत.

पाटी घडवताना धोका रेझिनच्या स्पर्शाचा आणि धुळीचा असतो. न सुकलेले इपॉक्सी वारंवार कातडीला लागले तर कायमची ॲलर्जी जडू शकते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घालावेत. आणि घासताना उडणारी बारीक भुकटी फुप्फुसात जाऊ नये म्हणून चांगला मास्क लावून, शक्यतो पाण्यात वापरायच्या पॉलिशपेपरने ओले घासकाम करावे. स्क्रूची भोके पाडताना पाटीच्या खाली लाकडाचा तुकडा घट्ट धरावा. थरांच्या पातळीत सांधे तसे कच्चेच असतात आणि ड्रिल पलीकडे निघताना शेवटचे दोन थर ढकलून सोलून काढते. भेग अडवणारा गुण येथे उलटतो, म्हणून पट्टीचे थर पिस्तुलाच्या सांगाड्याला समांतर राहतील असेच कापावेत, म्हणजे स्क्रू आवळल्यावर ते एकमेकांवर दाबले जातात, उकलत नाहीत.