बाप्टिस्टेरियम: स्नानगृहातून चर्चमध्ये आलेला शब्द

बाप्तिस्म्यासाठी, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेश देणाऱ्या पाण्याच्या विधीसाठी, राखलेल्या जागेला लॅटिनमध्ये 'बाप्टिस्टेरियम' म्हणतात. आज हा शब्द केवळ धार्मिक वाटतो. पण त्याचा जुना संसार रोमन श्रीमंतांच्या स्नानगृहांत होता.

'बाप्टेइन' या ग्रीक क्रियापदाचा अर्थ बुडवणे. कापड रंगात बुडवण्यासाठीही तेच वापरत. त्यापासून 'बाप्टिझेइन' झाले आणि त्याला स्थळवाचक प्रत्यय लागून 'बुडी मारण्याची जागा' अशा अर्थाचे नाम घडले. लॅटिनने ते, शेवट तेवढा आपल्या वळणाने बदलून, उचलले. धाकटा प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्रांत ते भेटते. समुद्रकाठच्या लॉरेंटम येथील आपल्या वाड्याचे वर्णन करताना तो सांगतो की, थंड स्नानाच्या प्रशस्त दालनात समोरासमोरच्या भिंतींतून बाहेर वळलेली दोन बाप्टिस्टेरिया आहेत आणि समुद्र जवळच आहे हे ध्यानात घेतले तर ती पुरेशी मोठी आहेत. येथे कसलाही विधी नाही, केवळ गार पाण्याचे हौद आहेत.

ख्रिस्ती समाजाला पूर्ण शरीर पाण्यात उतरवण्यासाठी जागा हवी होती, आणि त्या जागेसाठी शब्द तयारच होता. सीरियातील दुरा-युरोपोस येथे तिसऱ्या शतकात एका राहत्या घराचे प्रार्थनास्थळ करताना एका खोलीत असा हौद बांधला गेला. पुढे रोममध्ये लॅटेरान येथे पोप तिसरा सिक्स्टस (432–440) याच्या काळात अष्टकोनी बाप्तिस्मागृह उभे राहिले. आठ या संख्येमागे विचार होता: सृष्टीच्या सात दिवसांनंतरचा आठवा दिवस म्हणजे पुनरुत्थानाचा, नव्या जन्माचा दिवस. अशा रीतीने हौदाचे नाव हळूहळू त्याच्याभोवतीच्या स्वतंत्र इमारतीला मिळाले.

तरीही जुना अर्थ लगेच पुसला गेला नाही, हे मला या शब्दाच्या प्रवासातले सर्वांत मोलाचे वाटते. पाचव्या शतकात गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) लेखक सिडोनियस अपोलिनारिस, जो पुढे स्वतः बिशप झाला, आपल्या वाड्यालगतच्या पोहण्याच्या तलावाला 'पिस्किना' म्हणतो आणि लगेच जोडतो की, ग्रीक वळणाने बोलायचे तर 'बाप्टिस्टेरियम'. मजेची गोष्ट अशी की 'पिस्किना' म्हणजे मुळात माशांचे तळे, आणि तोही शब्द ख्रिस्ती लेखकांनी बाप्तिस्म्याच्या कुंडासाठी वापरला.

नंतर अर्भकांना बाप्तिस्मा देण्याची रीत रुळली आणि मोठ्या हौदाची गरज ओसरली. पिसा येथे 1152 मध्ये भव्य बाप्तिस्मागृहाचे काम सुरू झाले खरे. पण बहुतेक चर्चमध्ये दगडी कुंडच पुरे पडू लागले आणि ते कुंड असलेल्या कोपऱ्यालाही 'बाप्टिस्टेरियम' म्हणू लागले.