श्रीलंकेला वळसा घालून ध्रुवाकडे

३० जुलै २०२५ ला संध्याकाळी ५.४० ला श्रीहरिकोट्याहून निसार, म्हणजे इस्रो आणि नासाचा रडारवाला सॅटेलाईट, उडाला तेव्हा बऱ्याच जणांनी लाईव्ह बघितलं असेल. पण अशा लाँचच्या वेळी स्क्रीनवर मार्गाची जी रेघ दाखवतात ना ती कधीतरी नीट बघा, इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या जुन्या व्हिडिओंत तर मस्त दिसते, रॉकेट आधी आग्नेयेला समुद्रावर जातं आणि मग मध्येच उजवीकडे वळून दक्षिण धरतं. असे सॅटेलाईट उत्तर-दक्षिण, ध्रुवांवरून फिरतात, मग थेट दक्षिणेला का नाही? कारण सरळ खाली श्रीलंका आहे आणि रॉकेटचे रिकामे टप्पे गळून पडतात, ते कुणाच्या घरावर नकोत.

हा वळसा फुकट पडत नाही. रिक्षाचं हँडल फिरवलं की रिक्षा वळते, पण एवढ्या वेगातल्या रॉकेटची दिशा बदलायची म्हणजे जास्तीचं इंधन जाळायचं, आणि मग तेवढं वजन सॅटेलाईटच्या वाट्यातून जातं. त्यात अजून एक, पूर्वेला सोडलेल्या रॉकेटला पृथ्वीच्या फिरण्यामुळे विषुववृत्तापाशी सेकंदाला साधारण ४६५ मीटर वेग आयता मिळतो. उत्तर-दक्षिण जाणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य, उलट तो मारावा लागतो.

मग एवढा आटापिटा कशाला? तर विषुववृत्तावर ३६ हजार किमी उंच बसलेला हवामानाचा सॅटेलाईट इन्सॅट आपल्यावरचे ढग छान दाखवतो, पण ध्रुव त्याला दिसतच नाहीत, आणि बर्फ तर तिथलाच मोजायचाय. निसार ७४३ किमीवरून फिरतो, एका फेरीला १०० मिनिटं, तेवढ्यात खालची पृथ्वी २५ अंश सरकलेली असते, म्हणजे लोकरीचा गुंडा गुंडाळताना धागा दरवेळी शेजारी बसतो तसं चालतं. १२ दिवसांत १७३ फेऱ्या झाल्या की परत पहिल्याच वाटेवर.

आता यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. या कक्षेचा कल, म्हणजे विषुववृत्ताशी होणारा कोन, ९० अंश नाही, ९८.४ आहे, आणि वरचे ते आठ अंश मुद्दाम ठेवलेत. पृथ्वी पोटाला सुटलेली आहे, विषुववृत्तावरची त्रिज्या ध्रुवांपेक्षा २१ किमी जास्त, आणि या ढेरीच्या ओढीने अख्खी कक्षा डोलणाऱ्या भोवऱ्यासारखी हळूहळू वळते. कल बरोबर निवडला तर रोज एका अंशाला किंचित कमी, म्हणजे वर्षाला बरोब्बर एक चक्कर, जेवढं पृथ्वी सूर्याभोवती फिरते तेवढंच! इंधनाचा थेंब न जाळता कक्षा सूर्याला धरून राहते, त्यामुळे सॅटेलाईट एखाद्या जागेवरून जातो तेव्हा तिथल्या घड्याळात दरवेळी साधारण तीच वेळ असते, निसारची पहाटे सहा-संध्याकाळी सहाची. त्याच्या रडारला उजेड लागत नाही, पण सोलर पॅनलना जवळजवळ कायम ऊन मिळतं. कॅमेरेवाल्यांना मात्र ही ठरलेली वेळ लागतेच. एक दिवस उपाशीपोटी वजन केलं आणि दुसऱ्या दिवशी श्रीखंड-पुरी हाणून केलं तर फरक कशाचा म्हणायचा? समुद्राचा रंग बघणारा ओशनसॅट म्हणून दुपारी बाराच्या सुमाराला जातो. मासे कुठे मिळतील याचे कोकण-गोव्याच्या मच्छीमारांपर्यंत येणारे अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था अशाच डेटावरून काढते.

वळशाचा फटका इस्रोच्या छोट्या एसएसएलव्ही रॉकेटला जास्त बसतो, म्हणून तामिळनाडूत तुतिकोरिन जिल्ह्यात कुलसेकरपट्टिनमला नवा तळ होतोय, २८ फेब्रुवारी २०२४ ला पायाभरणी झाली. तिथून दक्षिणेला नुसता समुद्र, श्रीलंका डाव्या हाताला राहते. निसारसारखे जड गडी मात्र श्रीहरिकोट्याहूनच जाणार, वळसा घालत.