जुन्या मोटारी आणि शिसेविरहित पेट्रोल

शिसे मिसळलेल्या पेट्रोलसाठी घडवलेले इंजिन शिसेविरहित पेट्रोलवर टिकावे म्हणून त्यात केले जाणारे फेरफार. काम मुख्यतः सिलिंडर हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे), त्यातही एक्झॉस्ट वॉल्व्हच्या, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, सीटचे (ती मिटताना टेकते त्या कड्याचे) असते. मुंबईसह चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून नव्या मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारे उपकरण) सक्तीचा झाला. शिशाने तो निकामी होतो, म्हणून शिसेविरहित पेट्रोलही तेव्हाच पंपांवर आले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले आणि कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीपासून (फियाटपासून) जुन्या ॲम्बॅसिडरपर्यंत सगळ्यांनाच नवे इंधन घ्यावे लागले.

टॉमस मिजली यांना १९२१ मध्ये गवसलेले टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलात घालत ते नॉकिंग (इंधन अवेळी भडकून होणारी ठकठक) थांबवण्यासाठी; वॉल्व्हचे रक्षण हा वरचा फायदा. ते जळल्यावर शिशाच्या संयुगांचा पातळ थर सीटवर बसतो. तो नसला, की तापलेला वॉल्व्ह सीटला क्षणभर चिकटतो आणि उघडताना लोखंडाचे कण उपटून नेतो. सीट खोल जाते, टॅपेटची (वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) फट मिटते, वॉल्व्ह पुरता बसत नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळते आणि अखेर वॉल्व्ह जळतो. टॅपेटचा आवाज आपोआप थांबला म्हणून खूश होणाऱ्या मालकाने खरे तर इथेच सावध व्हावे.

उपाय म्हणून हेड उतरवून सीटची जागा कोरून मोठी करतात आणि तीत कठीण मिश्रधातूची रिंग घट्ट दाबून बसवतात. मग सीट कापून वॉल्व्ह पेस्टने घासून जुळवतात. ॲम्बॅसिडरच्या १४८९ सीसी इंजिनाचे हेड बिडाचे. त्याला हे काम लागते. ॲल्युमिनियमच्या हेडला वेगळी सीट मुळातच असते. फियाटचे हेड या जातीचे, त्यामुळे तिथे प्रश्न उरतो तो जुनी रिंग किती कठीण आहे एवढाच.

हा खर्च सरसकट सगळ्यांनी करण्याचे कारण नाही. झीज वाढते ती सततच्या वेगाने आणि भाराने. दादर-परळच्या गर्दीत रांगणाऱ्या गाडीला ती सहसा जाणवत नाही; द्रुतगती मार्गावर तासभर दामटलेल्या किंवा खंडाळ्याचा घाट भरल्या गाडीने चढणाऱ्या इंजिनाला जाणवते. शिवाय जुना थर काही काळ राखण करतो. म्हणून दुसऱ्या कामासाठी हेड उतरेल तेव्हाच सीट बदलून घेणे परवडते. नॉकिंग आलेच, तर आधी टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) थोडे मागे घ्यावे.

आताच्या २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलाने अडचण भलतीकडे नेली आहे: जुने रबरी होजपाइप आणि गाडीतल्या पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचे डायफ्रॅम (पडदे) त्यात फुगतात, चिरतात.