सशाची गोष्ट आणि पायाभरणीची तारीख

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापाशी मंडळी जमली की सशाची गोष्ट निघतेच. बाजीराव घोड्यावरून चालले होते, समोर एक ससा चक्क कुत्र्याच्या मागे लागलेला दिसला, आणि जिथला ससा असा तिथंच वाडा बांधायचा हे त्यांनी ठरवलं. शहराबद्दल लिहिणारेही ही गोष्ट उचलतात आणि लगेच पुढच्या वाक्यात लिहितात, ‘१० जानेवारी १७३० रोजी पाया घातला.’ दोन्ही वाक्यं एकाच सुरात येतात. वाचणाऱ्याला कसं कळावं, की पहिली आख्यायिका आहे आणि दुसरी नोंद?

हाच ससा अहमदाबादेतही भेटतो. १४११ मध्ये अहमदशाहानं साबरमतीकाठी शहर वसवलं त्याबद्दल तिथं म्हणतात, ‘जब कुत्ते पे सस्सा आया, तब बादशाह ने शहर बसाया.’ त्याहीआधी तुंगभद्रेकाठी हरिहर आणि बुक्क यांच्या शिकारी कुत्र्यांवर ससा उलटला आणि विजयनगर उभं राहिलं, अशी कथा आहे. तीन शहरं, तीन राज्यं, जवळपास चारशे वर्षांचं अंतर, आणि ससा तोच.

म्हणून ही गोष्ट गाळून टाकावी असं मला मुळीच वाटत नाही. धाकट्यानं थोरल्याला पळवावं, ही कल्पना पुणेकरांना आपल्या गावाला शोभेशी वाटली, आणि वाड्याच्या महादरवाज्याचं तोंड दिल्लीकडे आहे हे लक्षात घेतलं तर ती का वाटली असेल तेही उमगतं. १७३० साली त्या जागेवर काय घडलं, एवढं मात्र तिला विचारू नये. तो प्रश्न नोंदीला विचारायचा.

नोंदीलाही नीट विचारावं लागतं. वाड्याचा पाया शनिवारी घातला असं सांगतात. फोनच्या कॅलेंडरमध्ये १० जानेवारी १७३० काढून पाहा, मंगळवार निघतो. वास्तुशांतीची तारीख २२ जानेवारी १७३२, तोही मंगळवार! मग शनिवार खोटा ठरला का? नाही. इंग्रजांनी नवी दिनदर्शिका १७५२ मध्ये स्वीकारली, आणि त्याआधीच्या मराठेशाहीच्या तारखा आपल्याकडे बहुधा जुन्या पद्धतीनंच छापल्या जातात. फोन मात्र नवीच पद्धत मागं नेतो, आणि दोन्हींत तेव्हा अकरा दिवसांचा फरक होता. म्हणून अकरा दिवस मिळवा. २१ जानेवारी १७३० येते, शनिवार. दुसरी तारीख २ फेब्रुवारी १७३२ होते, तोही शनिवार. हा हिशोब मी पहिल्यांदा कागदावर केला तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो. आख्यायिका अशी तपासून पाहता येत नाही. नोंद येते, आणि दोघींतला फरक ओळखायची माझी सगळ्यात सोपी खूण हीच.

खरी कसोटी लागते ती नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल लिहिताना. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी, म्हणजे भाडोत्री शिपायांनी, वाड्यात शिरून त्यांना मारलं, न्यायाधीश रामशास्त्र्यांनी त्यांचे काका राघोबादादा यांना दोषी धरलं. हा इतिहास. पौर्णिमेच्या रात्री ‘काका, मला वाचवा’ ऐकू येतं ही आख्यायिका, आणि ती तशी आहे हे कुणालाही कळतं. अवघड जागा या दोघांच्या मध्ये आहे. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंनी हुकुमातल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, ही कथा इतकी रुळली की ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचारच झाला. वाक्प्रचार झाला म्हणजे पुरावा झाला असं नव्हे. इथं एका बाईवर खुनाचा आळ आहे, आणि ती अडीचशे वर्षांपूर्वीची म्हणून आपली जबाबदारी कमी होत नाही. सशाबाबत चूक झाली तर फारसं कुणाचं बिघडत नाही, इथं बिघडतं. म्हणून ही कथा सांगताना मी ती कथा आहे हे त्याच वाक्यात सांगते, तळटीपेसाठी राखून ठेवत नाही.

आणि हे सांगायला मराठीत केवढीशी गोष्ट लागते! ‘म्हणे.’ ‘बाजीरावांना म्हणे ससा दिसला.’ आजी गोष्ट सांगताना हा शब्द कधी विसरत नव्हती. आपण लिहायला बसलो की तो घरगुती वाटतो, म्हणून गाळतो, आणि तिथंच आख्यायिकेची नोंद होऊन बसते. पुढचा लिहिणारा आपल्यावरून उतरवून घेतो, त्याच्यावरून फलक रंगतो, आणि फलकावर ‘म्हणे’ नसतं.

लेख छापायला देण्याआधी मी आता एवढंच करते: प्रत्येक वाक्यात ‘म्हणे’ घालून वाचते. ‘२७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला म्हणे आग लागली’ हे कानाला खटकतं, कारण वाडा जळाल्याचं साऱ्या पुण्यानं पाहिलं होतं. तिथला ‘म्हणे’ मी खोडते. सशाच्या वाक्यात तो मुळीच खटकत नाही. तिथं राहू देते.