लुपर्कालिया: ‘बंदी’ नेमकी कोणावर?

फेब्रुवारीचा मध्य जवळ आला की ‘व्हॅलेंटाइन डे हा मूळचा रोमन सण, पोपने तो बंद पाडून त्या जागी संताचा दिवस आणला’ अशा आशयाचा मजकूर हमखास वाचायला मिळतो. तो सण म्हणजे लुपर्कालिया. या विधानातील जवळजवळ प्रत्येक शब्द तपासावा लागतो. त्यातही ‘बंद पाडला’ हे सर्वांत आधी.

१५ फेब्रुवारीला रोममधील पॅलटाइन टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या लुपर्काल गुहेपाशी बोकडांचा आणि एका कुत्र्याचा बळी दिला जाई. लांडगीने रोमचे संस्थापक मानले जाणारे जुळे भाऊ रोम्युलस आणि रेमस यांना दूध पाजले ते याच जागी, अशी आख्यायिका होती. कुलीन घराण्यांतील दोन तरुणांच्या कपाळाला रक्ताळलेली सुरी टेकवली जाई, दुधात भिजवलेल्या लोकरीने तो डाग लगेच पुसला जाई आणि त्यानंतर त्या दोघांनी हसायचे असे. मग कमरेभोवती कातडे गुंडाळून उघड्या अंगाने धावणारे ‘लुपर्की’ बोकडाच्या कातड्याच्या पट्ट्यांनी वाटेत येणाऱ्यांना फटके मारीत. ते फटके अंगावर घेतले की मूल होते आणि बाळंतपण सुखरूप पार पडते, या श्रद्धेने स्त्रिया आपणहून पुढे येत. शुद्धीच्या अशा साधनांना ‘फेब्रुआ’ म्हणत, आणि आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरातील दुसऱ्या महिन्याचे नाव त्यावरूनच आले. सण नेमका कोणत्या देवाचा, याबाबत मात्र खुद्द रोमन लेखकांतच एकवाक्यता नव्हती.

इ.स.पू. ४४ मध्ये या धावण्याला राजकीय रंग चढला. ज्याच्या नावावरून जुलै महिना ओळखला जातो त्या ज्युलियस सीझर या हुकूमशहासमोर, त्या दिवशी लुपर्की म्हणून धावणाऱ्या कॉन्सलने, म्हणजे रोमच्या सर्वोच्च पदाधिकाऱ्याने, राजमुकुटाची पट्टी धरली. हुकूमशहाने ती नाकारली आणि महिनाभरातच त्याची हत्या झाली. पुढे पहिल्या सम्राटाने गुहेची पुनर्बांधणी केली आणि दाढी न फुटलेल्या मुलांना धावण्यास मनाई केली.

खरा गुंता पाचव्या शतकाच्या अखेरचा आहे. इ.स. ३९१-३९२ मधील शाही फर्मानांनी बळी देण्यावर बंदी आली होती, तरीही पाचव्या शतकाच्या मध्यावर एका ख्रिस्ती लेखकाने केलेल्या दिनदर्शिकेत लुपर्कालिया नोंदलेला आहे. म्हणजे विधीतला बळी गेला तरी सण टिकला, आणि तो साजरा करणारे बहुतांश लोक तोवर बाप्तिस्मा घेतलेले होते. या पार्श्वभूमीवर ४९० च्या दशकात रोमच्या बिशपने, म्हणजेच पोपने, सणाची पाठराखण करणाऱ्या एका प्रतिष्ठित नागरिकाला उद्देशून लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. काही अभ्यासक पत्राचे श्रेय त्या बिशपच्या पूर्वसुरीला देतात. पत्राचा सूर आज्ञेचा कमी आणि वादाचा अधिक आहे. सण नीट न झाल्याने रोगराई येते, असे समर्थकांचे म्हणणे. त्यावर पूर्वेकडून आलेला सम्राट रोममध्ये होता तेव्हा लुपर्कालिया झाला, तरीही साथ आलीच, असे बिशप सुनावतो. सण इतका हितकारक असेल तर भाडोत्री हलक्या माणसांना पुढे न करता पूर्वजांसारखे स्वतःच उघडे होऊन धावा, असा टोलाही तो लगावतो. पत्राच्या आरंभी चर्चमधील एका सेवकाच्या व्यभिचाराचे प्रकरण आहे आणि ते हाताळण्यात ढिलाई झाल्याच्या आरोपाने बिशप दुखावलेला दिसतो. त्यामुळे या भांडणात धर्माइतकीच प्रतिष्ठाही गुंतली होती, असे मला वाटते.

निर्णय म्हणावे असे वाक्य शेवटाकडे येते: कोणाही बाप्तिस्मा घेतलेल्याने, कोणाही ख्रिस्ती माणसाने हा सण करू नये, ज्यांचा तो विधी आहे त्या मूर्तिपूजकांनीच तो करावा. याला मनाई जरूर म्हणावे, परंतु ती स्वतःच्या अनुयायांपुरती होती. संपूर्ण शहरातला सण उठवणारे फर्मान असे तिचे वर्णन करणे म्हणजे त्या बिशपच्या हाती नसलेली सत्ता त्याला बहाल करणे होय.

त्याने लुपर्कालियाच्या जागी २ फेब्रुवारीचा मेणबत्त्यांचा सण आणला, हे मत सोळाव्या शतकातील एका कार्डिनल-इतिहासकारामुळे रूढ झाले. वस्तुतः हा सण नाताळपासून चाळिसाव्या दिवशी येतो आणि त्याचे मूळ जेरुसलेममध्ये चौथ्या शतकातच सापडते. रोममधील त्याच्या मिरवणुकीची नोंद तर सातव्या शतकाच्या अखेरची आहे. संत व्हॅलेंटाइनच्या दिवसाशी प्रेमिकांची सांगड प्रथम चौदाव्या शतकातील इंग्रजी काव्यात दिसते. मधली जवळजवळ नऊशे वर्षे कोरी आहेत, आणि ती भरून काढण्यासाठी चिठ्ठ्या टाकून जोड्या जुळवण्याची रोमन प्रथा अठराव्या शतकात रचली गेली.

दरम्यान पूर्व रोमन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती दरबारात दहाव्या शतकातही लुपर्कालच्या नावाने रथशर्यती होत होत्या, आणि त्यांची नोंद दरबारी विधिग्रंथात शांतपणे केलेली आहे.