पदवीला असतानाच सामाजिक संशोधन: ‘आविष्कार’साठी अर्ज कसा करायचा?

“सर, संशोधन एमएनंतरच करायचं असतं ना?” ठाण्यात शिकवताना हा प्रश्न दरवर्षी येतो. तसं काही नाही. 2006 पासून राज्यात होणाऱ्या ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठ संशोधन महोत्सवात पदवीच्या मुलांचा स्वतंत्र गट असतो. समाजशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्रवाल्यांनी ‘मानव्यविद्या, भाषा व ललितकला’ हा विभाग निवडावा.

मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात असाल, तर आधी आपल्या आविष्कार समन्वयकांना भेटा. प्रवेशिका महाविद्यालयामार्फतच जाते. पुढे विभागीय फेरी, विद्यापीठाची अंतिम फेरी आणि निवड झाली तर राज्यस्तर. ओळखपत्र, बोनाफाईड, मार्गदर्शक शिक्षकांचं नाव आणि संशोधनाचा सारांश तयार ठेवा. तारखा विद्यार्थी विकास विभागाच्या परिपत्रकात येतात.

सगळ्यांत जास्त वेळ द्या तो मुलाखत देणाऱ्यांकडून घ्यायच्या संमतीपत्राला. माझे विद्यार्थी नवी मुंबईतल्या एका प्रकल्पग्रस्त गावात साडेबारा टक्के योजनेत, म्हणजे सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात, मिळणाऱ्या भूखंडांविषयी विचारायला गेले होते. आजी तासभर मोकळेपणी बोलल्या. सहीची रेघ दिसताच त्यांनी हात पदराखाली घेतला. सह्या करूनच जमीन गेली, असं त्या म्हणाल्या. मुलांनी कागद मिटला, हेतू पुन्हा समजावून सांगितला आणि त्यांची तोंडी संमती घेतली. तेव्हा संमतीपत्र सोप्या मराठीत, एका पानाचं असू द्या. नाव छापणार नाही, मधेच नको वाटलं तर थांबता येईल, हे त्यात स्पष्ट लिहा. उत्तर देणारी व्यक्ती 18 वर्षांखालची असेल तर पालकांचीही संमती घ्या. शाळेत किंवा बाजार समितीच्या आवारात प्रश्नावली भरून घ्यायची असेल, तर प्राचार्यांच्या सहीचं पत्र देऊन आधी परवानगी काढा.

ज्यांना पुढेही हेच करायचंय त्यांच्यासाठी: चार वर्षांच्या पदवीत ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घ्यायचं तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत किमान 75 टक्के गुण लागतात.

विषय मात्र आपल्या पायाखालचा घ्या. वागळे इस्टेटमधले बंद कारखाने, सकाळी नाक्यावर उभे राहणारे मजूर, खाडीतली मासेमारी. जुन्या संदर्भांसाठी ठाण्याचं 1893 सालचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहेच. महापालिकेकडची आकडेवारी माहितीच्या अधिकारात मागता येते: 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांपर्यंत मजकूर. उत्तराची मुदत 30 दिवसांची असते, म्हणून विषय ठरला त्याच आठवड्यात हा अर्ज टाका.