फोटोतला रंग खरा कसा ठरतो

कोल्हापूरच्या गुजरीत दुकानातल्या दिव्याखाली टिपलेला साज फोटोत तांबूस दिसतो आणि तोच दाराशी सावलीत टिपला की फिकट पिवळा. गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो पाहून माल पसंत करू लागल्यापासून सराफांना आणि चप्पल लाइनमधल्या विक्रेत्यांना हा फरक चांगलाच जाणवतो. दोष सहसा कॅमेऱ्यावर ढकलला जातो; वास्तविक कॅमेरा रंग नोंदवतच नाही, तो प्रकाश किती आला एवढेच नोंदवतो आणि रंगाचा हिशेब नंतर मांडला जातो.

या हिशेबाची सुरुवात १८६१ साली झाली. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी लंडनमध्ये एका चौकड्यांच्या फितीचे लाल, हिरव्या व निळ्या फिल्टरमधून काढलेले कृष्णधवल फोटो त्याच तीन रंगांच्या प्रकाशात पडद्यावर एकावर एक पाडून दाखवले. त्या काळची प्लेट लाल प्रकाशाला जवळजवळ दाद देत नसे, तरीही लाल उमटला. लाल फिल्टरमधून अतिनील किरण आत शिरत होते आणि फितीचा लाल भाग तेच परावर्तित करत होता, हा उलगडा व्हायला शंभर वर्षे लागली. पहिल्याच प्रयोगातला रंग असा योगायोगाने जुळला होता.

हा योगायोग प्रत्येकाच्या वाट्याला आला नाही. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचे धाडस केले, त्यासाठी प्रक्रिया जर्मनीत करवून घेतली, पण पडद्यावरच्या रंगांनी निराशा केली. रंगाची मोजणी तेव्हा नुकतीच शास्त्रशुद्ध होत होती. सरासरी मानवी दृष्टी आकड्यांत मांडणारे आंतरराष्ट्रीय मानक १९३१ चे आहे.

पुढे कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीच्या, बिंदूंवर रंगीत फिल्टरची जाळी बसवण्याची कल्पना मांडली आणि १९७६ साली तिचे पेटंट मिळाले. डोळा उजेडातले बारकावे मुख्यतः हिरव्या पट्ट्यात टिपतो, म्हणून तिच्यात हिरवे बिंदू लाल किंवा निळ्यांच्या दुप्पट असतात. प्रत्येक बिंदूला एकच रंग कळतो. उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. पांढरे कशाला म्हणायचे, हेही कॅमेरा चित्र पाहून ठरवतो, त्यामुळे चौकट सोन्याने भरली की तो सोन्याच्या पिवळेपणालाच दिव्याचा पिवळेपणा समजून तो काढून टाकू शकतो.

जिचा रंग आधीच ठाऊक आहे अशी मापाची वस्तू चौकटीत ठेवणे हाच यावरचा उपाय. त्याच १९७६ साली २४ चौकोनांचा मॅकबेथ रंगतक्ता प्रसिद्ध झाला आणि त्यात सावळ्या व गोऱ्या त्वचेचे स्वतंत्र चौकोन होते, हे मला फार मोलाचे वाटते. कारण फिल्म छपाईच्या प्रयोगशाळांत कित्येक वर्षे गोऱ्या स्त्रीच्या फोटोवरूनच रंग जुळवले जात आणि सावळी माणसे त्यात काळवंडून जात. पडद्यांसाठी एसआरजीबी हे समान माप १९९६ साली आले.

आज कोणत्याही रंगाकडे न झुकणारे राखाडी कार्ड साजाशेजारी ठेवून एक फोटो घेतला आणि रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, त्यावरून पांढरा ठरवला, तर त्या उजेडातल्या सगळ्या फोटोंचा तोल साधतो. स्वस्त एलईडी दिव्याच्या प्रकाशात मात्र गडद लाल पट्टा मुळातच क्षीण असतो. तिथे माणकाचा लाल कार्डानेही पुरता परत आणता येत नाही, दिवाच बदलावा लागतो.